ग्रासहॉपर शिकायला आधी पायथन हवं का?

वर विचारलंय की ग्रासहॉपरच्या (राइनो या 3D मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधलं, ठोकळे तारांनी जोडून आकार बनवायचं साधन) आधी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकावी का, तर माझ्या मते अजिबात गरज नाही, राइनो ६ पासून ग्रासहॉपर आतच मिळतं, सरळ उघडा आणि सुरू करा. लोक अडकतात ते कोडिंगमुळे नाही, डेटा ट्रीमुळे, म्हणजे डेटा फांद्यांसारख्या वेगवेगळ्या याद्यांत ठेवायच्या पद्धतीमुळे! समजा १० मजले आणि दर मजल्यावर १२ पॉइंट आहेत, दर मजल्याची एक फांदी, पॉलीलाइन जोडली की मजल्यागणिक एक अशा १० आडव्या रेषा येतात, फ्लॅटन केलं (सगळ्या फांद्यांची एकच यादी केली) की सगळे १२० पॉइंट एकाच रेषेत ओवले जातात, आणि त्याऐवजी मूळ ट्रीला फ्लिप मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींची अदलाबदल) लावलं की १२ उभ्या रेषा. हे एकदा हाताने करून बघाच, पॅनल (डेटा दाखवणारा चौकोन) जोडून प्रत्येक वेळी आतली यादी वाचा. ऑफिसात रेव्हिट (इमारतींचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) असेल तर मात्र त्यातलं असंच साधन, डायनॅमोच घ्या.