काच थोडी उघडी ठेवून चालत नाही

कुत्र्याला गाडीने पुण्याहून रत्नागिरीला नेताना जेवायला थांबलं तर काच दोन बोटं उघडी ठेवून त्याला गाडीत सोडता येतं असं वर एकांनी लिहिलंय, प्लीज असं करू नका. बाहेर ३० डिग्री असेल तर बंद गाडीत १० मिनिटांत ४०च्या आसपास जातं आणि काच किंचित उघडी असली तरी फारसा फरक पडत नाही, कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करायचं असतं आणि पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. एकाने आळीपाळीने त्याच्यासोबत सावलीत थांबायचं, बस.

पुण्याहून रत्नागिरी म्हणजे घाट आलाच. निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी मात्र द्या. सारखी जांभई, ओठ चाटणं, लाळेची तार लोंबायला लागली की उलटी येणार समजा, लगेच सुरक्षित जागा बघून थांबा. आपली गाडी लागण्यावरची अव्होमिन गोळी त्याला मनाने देऊ नका हो, व्हेटला विचारा.

आणि मागच्या सीटवरच बसवा, पट्टा गळ्यातल्या कॉलरला नको, छातीच्या हार्नेसला लावा, कॉलरला असेल आणि जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो.