रिपोर्टमध्ये १४८ आलं! गरोदरपणातल्या शुगर टेस्टचे अनुभव लिहा

माझ्या लेकीला उद्या पाच आठवडे पूर्ण होतील आणि पुढच्या सोमवारी माझी पुन्हा तीच टेस्ट आहे, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास बसायची. त्यानिमित्ताने मागचं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

सव्विसाव्या आठवड्यात पुण्यातल्या एका लॅबमध्ये गेले होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिली पाणी. लहानपणी तापात प्यायलेलं ग्लुकोजचं पाणी आठवा आणि त्याच्या तिप्पट गोड करा. दोन तासांनी रक्त दिलं, बाहेर येऊन इडली खाल्ली आणि विसरून गेले. शनिवारी रात्री पावणेदहाला मोबाइलवर पीडीएफ आली. १४८. शेजारी छापलेलं, १४० पेक्षा कमी हवं. दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद.

त्या दीड दिवसात मी काय केलं ते सांगते. आठवडाभरात खाल्लेल्या आंब्याच्या फोडी आठवून मोजल्या. नवऱ्याला विचारलं, तुमच्याकडे कोणाला आहे का. तो म्हणाला, तुझ्या बाबांना आहे की. त्यावरून भांडण. बाळाला काय होतं, हे रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचलं आणि मग उठून आईने पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, स्टुलावर चढून. सहा महिने भरलेली बाई, अंधारात स्टुलावर! शुगरपेक्षा ते धोक्याचं होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जी हार्मोन्स येतात ती इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि २४ ते २८ आठवड्यांत हा जोर चांगलाच वाढलेला असतो म्हणून टेस्ट तेव्हा करतात. लाडवांनी झालेलं नाही. दोन आठवडे आहार सांभाळायचा, चालायचं, मग जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत येतंय का बघायचं. माझं आलं. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, भात एक वाटी; इन्शुलिन लागलं नाही.

आणखी एक कळलं. आपल्याकडे एकाच सॅम्पलवर जी टेस्ट करतात तिची मर्यादा १४०. उपाशीपोटी, मग ग्लुकोज पिऊन एका तासाने आणि दोन तासांनी अशी तीन सॅम्पल घेतात त्या पद्धतीत मर्यादा ९२, १८० आणि १५३. म्हणजे दोन तासांचा माझा हाच १४८ तिथे बसला असता! यावर मी घरी येऊन अर्धा तास चिडले होते.

तर लिहा. रिपोर्ट हातात पडल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत तुमचं काय झालं? सल्ले नकोत, अनुभव हवेत. औषधांचे डोस कृपया कोणी लिहू नका.

न्यू जर्सीहून

इथे आधी ५० ग्रॅमची, एका तासाची टेस्ट. उपाशी जावं लागत नाही. नारिंगी रंगाची थंडगार बाटली देतात, रसना गोठायच्या बेतात असताना प्यावं तसं लागतं. माझं १५१ आलं. नर्सचा फोन नेमका ऑफिसात, मीटिंगच्या मधोमध. "तू एका तासाच्या टेस्टमध्ये फेल झालीस" असेच शब्द. मी आयुष्यात कशात नापास झालेली नाही हो, ड्रायव्हिंग टेस्टसुद्धा पहिल्या फटक्यात. जिन्यात जाऊन रडले.

मग १०० ग्रॅमची, तीन तासांची. उपाशीपोटी, चार वेळा सुई. ८८, १८६, १४९, ११२. आमच्या डॉक्टरांकडच्या मर्यादा ९५, १८०, १५५, १४०. चारातले दोन वर गेले तर मधुमेह धरतात, माझा एकच गेला. सुटले. पहिली टेस्ट म्हणजे फक्त चाळणी, तीत अडकलेल्या बऱ्याच जणी दुसरीत सुटतात, हे मला सगळं संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आईला फोन केला, "पास झाले." आई म्हणाली, "कशात गं? तू परत शिकायला लागलीस का?"

लंडनहून

माझी टेस्ट पहिल्याच भेटीत ठरली, कारण मूळ दक्षिण आशियातलं. वजन जास्त नाही, घरात कोणाला नाही, तरी केवळ आपण कुठल्या मातीतले म्हणून धोक्याच्या यादीत. मनाला लागलं थोडं. मिडवाइफ चांगली होती, म्हणाली, तुमच्यात हे प्रमाण खरंच जास्त आहे, म्हणून तर लवकर बघतो.

दोन तासांचं ८.१ आलं. इथे उपाशीपोटी ५.६ आणि दोन तासांनी ७.८ ही सीमा. सासूबाईंना नाशिकला फोन करून सांगितलं, "आई, शुगर ८.१ आली." पलीकडे शांतता. मग, "आठ? अगं, तू बोलतेयस कशी? चमचाभर साखर घाल तोंडात आधी!" इथे मिलिमोलमध्ये मोजतात, १८ ने गुणायचं, हे समजावेपर्यंत त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावलंसुद्धा होतं. त्या दिवशीचं हसणं मला औषधासारखं लागू पडलं.

कोल्हापूर, लॅबमध्ये काम करते

तुम्ही सगळ्या खुर्चीतून बघताय, मी काउंटरमागून सांगते. दोन तास म्हणजे दोन तास. एक ताई पाणी पिऊन गेल्या आणि मधल्या वेळात महाद्वार रोडवर साड्या बघून आल्या. चालून शुगर खाली येते, मग त्या आकड्याला काय अर्थ? एकींच्या मिस्टरांनी प्रेमाने चहा आणून दिला, साखरेचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी परत करतो. उलटी पोटात दाबून, तोंडाला रुमाल लावून बसलेल्या मुली मी बघितल्यात. परत ते पाणी प्यायला नको म्हणून.

सॅम्पल राखाडी टोपणाच्या नळीत घेतो. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा उगीच कमी येतो. विचारलंत तर कुणी रागावत नाही.

आणि दोन दिवस भात-गोड बंद करून टेस्टला येऊ नका हो. "रिपोर्ट चांगला यावा म्हणून" म्हणतात. रिपोर्ट चांगला आला म्हणजे शुगर चांगली झाली का ताई?

रत्नागिरी

माझा दोन ओळींचा. घरी मशीनवर २११ आलं. नवरा गाडी काढायला धावला. मग लक्षात आलं, आत्ताच सासऱ्यांसाठी आंबा चिरला होता. साबणाने हात धुऊन दुसऱ्या बोटाला टोचलं, १०९.

बीड जिल्हा, आशा सेविका आहे

वाचून वाटलं आपणही लिहावं. आमच्याकडे पहिल्या तपासणीलाच ग्लुकोजची टेस्ट करायची आणि २४ ते २८ आठवड्यांत परत, असं आहे. ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, त्या दिवशी बायका गोळा करून आणते. पहिली टेस्ट होते. दुसरीचं अवघड. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि बाईला चोवीस आठवडे भरतात तेव्हा ती कुठल्या कारखान्यावर आहे हे मला फोनवर शोधावं लागतं. फोन लागला तर.

मागच्या साली एकीचं पहिल्याच टेस्टला १६२ आलं. मी आपली तयारीने गेले, बाळाचं सांगू, खाण्याचं सांगू. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "ताई, मग मुकादम उचल परत मागंल का?" नवरा-बायको मिळून एक कोयता, तिला जाता आलं नाही तर कोयता मोडतो. घेतलेली उचल घराच्या पत्र्याला लागून गेलेली. तिची काळजी ती होती, आणि ती काही चुकीची नव्हती. सासू थांबली मागं, ती पण थांबली, नवरा दिराच्या बायकोबरोबर... असो, ते सगळं इथे लिहीत नाही. तिला भाकरी कमी करायची गरज नव्हती, साखरेचा चहा दिवसाला सहा वेळा होता. तो दोनवर आणला, बिनसाखरेचा. मुलगी झाली, २ किलो ८००.

ठाणे, नवरा

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. बायको रोज चार वेळा बोट टोचत होती. एक दिवस म्हणाली, तू पण टोचून बघ, कळेल. टोचलं. जेवणानंतर दोन तासांनी १९४. तिचं त्याच वेळी ११५. आता आमच्या घरात ज्वारी कायमची आली आहे, माझ्यामुळे.

नागपूर

आहाराने भागलं नाही, अशीही एक जण हवी ना. जेवणानंतरचे आकडे आवाक्यात यायचे, पण सकाळी उपाशीपोटी १०२, १०४. रात्री फक्त ताक पिऊन झोपले तरी सकाळी तेच. मला वाटायचं झोपेत मी काही खाते की काय. डॉक्टर म्हणाले, पहाटे यकृत आपलं आपण साखर सोडतं, तुमच्या उपाशी राहण्याने ती थांबत नाही, उलट उपाशी राहू नका. इन्शुलिन सुरू केलं.

मावशी म्हणाली, एकदा सुई लागली की जन्माची लागली. पहिल्या रात्री इन्शुलिनचं पेन हातात धरून पलंगाच्या काठावर वीस मिनिटं बसले होते. सुई एवढुशी, केसासारखी. भीती सुईची नव्हतीच. बाळाला औषध जाईल ही होती. इन्शुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, आईची जास्तीची साखर मात्र जाते, हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवलं होतं, मावशीला दिसेल असं.

बाळ झाल्या दिवशी इन्शुलिन बंद. पण बाळाच्या टाचेला टोचून त्याची शुगर बघतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पोटात असताना आईची साखर पचवायला त्याने स्वतःचं इन्शुलिन वाढवलेलं असतं, नाळ तोडल्यावर साखर थांबते आणि इन्शुलिन तसंच, म्हणून त्याची शुगर खाली जाऊ शकते. पहिला आकडा ४६. लगेच पाजायला दिलं, मग ५८. तेवढ्या वेळात मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलले ते विदर्भाबाहेर लिहिण्यासारखं नाही.

आता खरं ते. सहा आठवड्यांनी परत टेस्ट करायची असते, ती मी केली नाही. बाळ रडायचं, लॅब लांब, आणि मला ते पाणी पुन्हा डोळ्यांसमोर नको होतं. चार वर्षांनी पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तर डायबेटिस. कधीपासून होता, कुणालाच सांगता येत नाही. गोळ्या चालू आहेत.

सोलापूर, आता सासू

१९८९ ची गोष्ट. आमच्या वेळी लघवीत पट्टी बुडवून बघायचे, तेवढंच. माझा मोठा साडेचार किलोचा झाला. चिमटा लावून काढला, तीन दिवस मला बसता आलं नाही, पण सगळं गाव बघायला आलं, काय गुटगुटीत बाळ म्हणून. दृष्ट काढून काढून मिरच्या संपल्या. मला चाळिशीत शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पहिल्या बाळाचं वजन किती होतं?

गेल्या वर्षी सुनेचं १५६ आलं. ती घाबरली, मला मात्र हायसं वाटलं, वेळेत कळलं म्हणून. डोहाळजेवणाला दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी ठेवायची पद्धत. मी एकीखाली काकडी ठेवली, दुसरीखाली टोमॅटो. विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सुनेने काकडी उचलली. काकडी म्हणजे मुलगा की मुलगी यावर बायका अजून वाद घालतात.

पुण्याहून, धागा काढणारी

सगळं वाचलं, काही तर दोनदा. नागपूरच्या ताई, तुमचं वाचलं नसतं तर सोमवारची टेस्ट मी पुढे ढकलणार होते, खोटं कशाला बोलू. आज जाऊन आले. पाणी तितकंच गोड आहे. पाऊण तासाने लेक भुकेजली, लॅबवाल्या मुलीने आतली खोली उघडून दिली, तिथे बसून पाजलं. उरलेला वेळ आई तिला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि मी बसून होते, साड्या बघायला न जाता.

रिपोर्ट संध्याकाळी सातला येईल म्हणाले. डॉक्टरांची वेळ सव्वासातची घेतली आहे आणि मोबाइल तोवर आईच्या पिशवीत आहे. हे तिच्या फोनवरून लिहितेय.