पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणजे पैसे पाण्यात? मुळीच नाही

पंचवटीकर: काल इथे कुणीतरी मनगटी घड्याळांबद्दल लिहिलं, 'ॲन्युअल कॅलेंडरच्या घड्याळाला (३० आणि ३१ चे महिने ओळखतं, फेब्रुवारी ओळखत नाही) वर्षातून एकदा, १ मार्चला, तारीख सरकवावी लागते. तेवढ्यासाठी पर्पेच्युअल (लीप वर्षही ओळखून तारीख आपोआप बदलणारं) घेणारे फक्त नाशिकच्या कॉलेज रोडवर मिरवायला घेतात.' वाचून गप्प बसवलं नाही. पर्पेच्युअलमधल्या ४८ महिन्यांच्या चाकाच्या काठावर खाचा असतात. ३१ च्या महिन्याला खाच नाही, ३० च्याला उथळ, फेब्रुवारीला सर्वांत खोल, लीप फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी. महिनाअखेरीस लिव्हरची चोच त्या काठाला टेकते आणि खाच जितकी खोल तितक्या तारखा एका रात्रीत पुढे सरकतात. एवढ्याशा काठावर चार वर्षं कोरली आहेत, आणि तुम्ही त्याला मिरवणं म्हणता?

सिडकोकर: कारागिरीला नाव कोण ठेवतंय? प्रश्न वापराचा आहे. घड्याळ ४० दिवस थांबलं तर तारखेचा करेक्टर (कवचाच्या कडेचं बारीक बटण) ४० वेळा दाबायचा. तोही रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात दाबलात तर लिव्हर आधीच चाकात गुंतलेली असते. दात वाकतो नाहीतर चोच तुटते. एम. जी. रोडवर सेल आणि पट्टा बदलून देणाऱ्याचं हे काम नव्हे. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ मध्ये ५०३५ या मॉडेलचं ॲन्युअल आणलं, त्यात लिव्हरांपेक्षा फिरत्या चाकांवर भर दिला. रोज वापरणाऱ्याला तेच बरं.

पंचवटीकर: घाई करणाऱ्याच्या हातून काहीही मोडेल. आधी काटे पुढे फिरवा, तारीख बदलली की मध्यरात्र कळते. तिथून सकाळच्या ६ पर्यंत या आणि मगच करेक्टरला हात लावा. सोबत आलेलीच काडी वापरा. टाचणीने घड्याळाच्या कवचावर ओरखडा उठतो. टिक् होईपर्यंत तळाशी दाबा. अर्धवट दाबलंत तर काटा दोन आकड्यांच्या मध्ये अडकतो. आणि हे सगळं नकोच असेल तर १९८५ चं आयडब्ल्यूसी कंपनीचं दा विंची हे पर्पेच्युअल आहे. त्यांच्या घड्याळजी कुर्ट क्लाउसने सगळं कॅलेंडर एका चावीवर (काटे फिरवायच्या बाजूच्या गोल बटणावर) आणलं.

सिडकोकर: आणि ती चावी एक दिवस जास्त फिरली की? कॅलेंडर मागे येत नाही. घड्याळ थांबवून तो दिवस उजाडायची वाट बघायची. मागे-पुढे दोन्हीकडे नेता येणारं पर्पेच्युअल उलिस नार्दाँ कंपनीने १९९६ मध्ये काढलं, त्याचं नाव घ्या.

गंगापूर रोड: तारखेवरून भांडताय, पण चंद्राकडे कुणी बघतच नाही. निम्म्या लोकांच्या तबकडीवरच्या खिडकीत चंद्रकला दाखवणारा चंद्र चुकीचा असतो, कारण ते कॅलेंडरवरचा पौर्णिमेचा दिवस बघून लावतात.

इंदिरानगर: मग काय बघायचं? पंचांगात कधी कधी पौर्णिमा दोन दिवस असते. स्विस यंत्रात तिथी घुसडू नका.

गंगापूर रोड: घुसडत नाही, तिथी हे गणितच आहे. पौर्णिमा ही तिथी जिथे संपते, त्याच क्षणी चंद्र सूर्यापासून १८० अंशांवर असतो. म्हणून समाप्तीची वेळ बघा. कोजागरी रात्री असलेल्या पौर्णिमेला धरतात. पूर्णचंद्राचा क्षण बरेचदा दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा रामकुंडावर गोल दिसला म्हणून त्याच रात्री खिडकीच्या मधोमध आणून ठेवू नका. आता दुसरी गोष्ट. घड्याळातल्या चंद्राच्या नेहमीच्या चकतीला ५९ दात, रोज एक सरकतो, आणि दोन चंद्र, म्हणजे एक फेरा २९.५ दिवसांचा. आकाशातला सरासरी २९.५३०५९ चा. घड्याळातला चंद्र ३२-३३ महिन्यांत एक दिवस पुढे पळतो. अधिक मासही साधारण तेवढ्याच अंतराने येतो, २०२३ ला श्रावण, २०२६ ला ज्येष्ठ. तो लागला की चंद्र तपासा.

इंदिरानगर: तपासून उपयोग काय? करेक्टर पुढेच नेतो, मागे नाही.

गंगापूर रोड: ५८ वेळा दाबा, एक दिवस मागे आलात. नाहीतर घड्याळ पुढच्या वेळी थांबेल तेव्हा चंद्राला एक दाब कमी द्या.

इंदिरानगर: समाप्तीच्या वेळेचं पटलं. ५८ दाब मात्र मी कुणाला सुचवणार नाही, त्या बारीक स्प्रिंगवर उगाच ताण.

सिडकोकर: चंद्राला ५९ ऐवजी १३५ दातांचं चाक असेल तर १२२ वर्षांत एका दिवसाचा फरक, तिथे हा प्रश्नच उरत नाही. पंचवटीकर, काठाच्या खाचांबद्दल तुमचं खरं आहे, ॲन्युअलमध्ये ती मजा नाही. पण २१०० लीप वर्ष नाही आणि तुमचं चाक तेव्हा २९ फेब्रुवारी दाखवणारच.

पंचवटीकर: दाखवेल. १ मार्चला एक दाब पुरेल, सकाळी ६ नंतर.