रात्रीच्या पार्ट्या, गोळ्या आणि आपला किनारा : माहीतगारांनी लिहा

माडाखालची
डिसेंबर लागला. मुंबई-पुण्याच्या गाड्या मांडव्यापासून मोरजीपर्यंत उतरायला लागल्या की काही जुन्या रात्री आठवतातच. त्या उगाळायच्या नाहीत. नशा वाईट हे प्रवचनही नको, ते घरोघरी चालू आहे. इथे १०८वर काम करणारे आहेत, मेडिकलवाले, वकील, होमस्टेवाले आहेत. रात्री दोनला कुणी आडवं झालं तर काय करायचं आणि काय टाळायचं, तेवढं लिहा. नावं-गावं नकोत.

रात्रपाळी
पटकन लिहितो, चार्जिंग कमी आहे.
खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा. उठला नाही तर छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दहापेक्षा कमी, किंवा गुरगुरल्यासारखं घोरणं, किंवा ओठ-नखं निळसर : १०८ लगेच. "घोरतोय म्हणजे झोपलाय, सकाळी उठेल" हे सगळ्यात महागात पडतं. ते घोरणं म्हणजे जीभ मागे पडून वाट अर्धी बंद झालेली असते.
श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा म्हणजे परत उताणा होत नाही. हनुवटी जराशी वर, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडते, फुप्फुसात जात नाही.
श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. जमत असेल तर ३० दाबांमागे तोंडाने २ श्वास. दारू आणि झोपेच्या गोळ्यांत आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. गादीवर किंवा मऊ वाळूत दाब वाया जातो, कडक जागेवर घ्या.

तात्या
सोलकढी पाजली तर चलात काय?

रात्रपाळी
तात्या, शुद्धीत नसलेल्याला थेंबही नको. सोलकढी नको, लिंबू नको, कॉफी नको. बोटं घालून उलटी काढायची नाही. थंड शॉवरखाली उभं करायचं नाही, पडून डोकं फुटतं. आणि "समुद्रात बुडवून काढा, उतरेल" म्हणणाऱ्याला आधी बाजूला करा.

कुर्ल्या_खाणारी
सोलकढी वाया घालवू नका, इकडे पाठवा 😄

साउंडवाला
एक गोष्ट कुणी बोलत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद (सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देतं, ते वेगळं). म्हणून दहानंतर पार्टी बंद हॉलमध्ये शिरते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या फोमने बंद, दीडशेच्या जागेत चारशे पोरं, वर लाइटची उष्णता. आपल्याकडची हवा आधीच ओली, घाम सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात एमडीएमए (एक्स्टसीची गोळी) घेतलेल्याचं शरीर आतून तापतं, दमलो हे त्याला कळत नाही, तो नाचतच राहतो. एसीचा टनेज माणसांच्या संख्येवर धरावा लागतो, खोलीच्या मापावर धरला की रात्री एकला भिंतींना पाणी सुटतं. एक्झॉस्ट चालू आहे का ते कागदाचा तुकडा जाळीला लावून बघायचं. चिकटला तर हवा ओढतोय, पडला तर शोभेचा आहे.

माडाखालची
हे अगदी पटलं. तापलेल्याला ओळखायचं कसं?

रात्रपाळी
अंग भट्टी, जबडा आवळलेला, हातपाय ताठ, बोलणं असंबद्ध. घाम असो-नसो. ताप ४० सेल्सिअसच्या वर गेला की मिनिटं मोजायची. कपडे कमी करा, अंगावर पाणी ओतत जोरात पंखा मारा, काखेत-जांघेत-मानेला बर्फ. बर्फ शॅकवर असतोच, मासळीच्या पेटीतला चालतो, कापडात गुंडाळून. पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही, हा ताप जंतूंचा नाही. आणि धरून-बांधून दाबून ठेवू नका, झटापटीने अजून तापतो.

गोळीवाला (मेडिकल)
पाण्याबद्दल. "पाणी पी पाणी पी" करून दोन-तीन लिटर पाजतात, तेही चूक. एमडीएमएच्या गोळीने शरीर लघवी अडवून धरतं, साधं पाणी साठतं, रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. डोकं दुखणं, उलटी, गोंधळ, मग झटका. नाचणाऱ्याला तासाला अर्धा लिटरच्या आसपास, बसलेल्याला त्याच्या निम्मं, घोटाघोटाने. ओआरएस असेल तर उत्तम. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.
काउंटरवरून दिसणारं दुसरं : अल्प्राझोलाम (घबराटीवरची, झोप आणणारी गोळी) आणि ट्रॅमाडॉल (वेदनाशामक). "उतरायला" म्हणून मागतात. दारूवर अल्प्राझोलाम म्हणजे श्वास मंदावणं. एमडीएमएवर ट्रॅमाडॉल किंवा डिप्रेशनची काही औषधं म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा अतिरेक : थरथर, ताप, स्नायू आखडणं, झटके. रोजची औषधं कोणती चालू आहेत ते डॉक्टरला सांगाच. मानसोपचाराची गोळी सांगायला लाजतात, नेमकी तीच महत्त्वाची.

कुर्ल्या_खाणारी
आणि भांगेचे लाडू-कुकी?

गोळीवाला (मेडिकल)
खाल्लेलं अर्ध्या ते दोन तासांनी चढतं. तासभर काही वाटत नाही म्हणून दुसरा तुकडा, मग दोन्ही एकदम. जिवावर क्वचितच बेततं, पण घाबरतो फार. अंधुक उजेड, एक ओळखीचा माणूस, बाकी गर्दी बाहेर. एकट्याला बाल्कनीत सोडायचं नाही.

नागावची वहिनी
होमस्टेवाल्यांसाठी. बाथरूमच्या आतल्या कड्या काढा, बाहेरून नाण्याने उघडेल असं लॅच बसवा, हार्डवेअरमध्ये मिळतं. पोरं बाथरूममध्येच पडतात आणि दार तोडण्यात दहा मिनिटं जातात. विहिरीला जाळी. गच्चीला कुलूप. रात्री अकरानंतर समुद्राकडचं फाटक बंद, कुणी कितीही गोड बोलो.
तसंच ३१चं रो-रोचं बुकिंग कुणाला मिळालं का? भाऊजी भाऊच्या धक्क्यावरून येणार, गाडीसकट.

साउंडवाला
वहिनी, आता कुठलं मिळतंय. पेणवरून येऊ दे, वडखळला अडकून वर्षाखेर साजरी करतील.

काळा कोट
ॲम्ब्युलन्स बोलवायला पोरं का घाबरतात ते माहीत आहे, म्हणून सरळ लिहितो. विषबाधेच्या केसमध्ये दवाखाना एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतो, पोलिसांना कळतं. "फोन करणाऱ्याला माफी" अशी तरतूद एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) नाही. पण उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ लाच सांगून ठेवलंय. आणि नुसत्या सेवनाला कलम २७ : कोकेन, हेरॉइनसारख्यांना जास्तीत जास्त एक वर्ष किंवा २० हजार दंड किंवा दोन्ही, बाकीच्यांना सहा महिने किंवा १० हजार किंवा दोन्ही. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट देणारं ६४-अ आहे. मित्र मेला तर मात्र कुठलंच कलम हलकं राहत नाही.
खिशातल्या मालाचं गणित वेगळं. अल्प मात्रा : गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, मेफेड्रोन २ ग्रॅम, एमडीएमए फक्त अर्धा ग्रॅम. हिरा सिंग निकालानंतर (२०२०) मिसळलेल्या खडू-पावडरीसकट वजन धरतात. एक गोळी पाव ग्रॅमच्या वर भरते, म्हणजे "सगळ्यांच्या दोन-दोन मी ठेवतो" म्हणणारा शहाणा मध्यम मात्रेत गेला. एमडीएमएची १० ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा, तिथे कलम ३७, जामीन जवळजवळ विसरा.
अंगझडती होत असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर मागता येते (कलम ५०). बॅगेला ते लागू नाही. मुलीची झडती महिलाच घेणार.

तात्या
कोटवाले, फी किती झाली?

काळा कोट
बांगडे पाठवा.

रात्रपाळी
कोटसाहेबांच्या मेफेड्रोनवरून. आपल्याकडे पोरं "एमडी" म्हणतात ते बहुतेक वेळा मेफेड्रोन. डॉक्टरला नुसतं "एमडी" सांगू नका. पांढरी पावडर की रंगीत गोळी, नाकाने की तोंडाने, किती वाजता, सोबत दारू किती पेग. रिकामी पुडी किंवा उरलेली गोळी आम्हाला द्या. ब्राउन शुगर (हेरॉइन) असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतील तर त्यावरचा उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन लागतं. त्याने शुद्धीवर आला तरी उठून जाऊ देऊ नका. त्याचा असर तासा-दीड तासात उतरतो, आतला माल शिल्लक असतो.
छातीत दुखतंय म्हणाला तर वय बघून हसू नका. कोकेन आणि दारू एकत्र झाली की पंचविशीतही हार्ट अटॅक येतो.

नागावची वहिनी
व्यसनाचं पुढचं कुणाला विचारायचं असेल तर १४४४६, सरकारी आहे, फुकट.

तात्या
आमच्या सिंधुदुर्गातसून पेशंट शेवटी गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीकच जाता, ता धरून चला. १०८वाल्याक शॅकचा नाव सांगा नुको, ता दर सीझनाक बदलता. वाडी सांगा, देऊळ सांगा, नाक्यार एक माणूस टॉर्च घेऊन उभो करा. आणि वाटेतली गाडी आधी काढा, अरुंद पाणंदीत आडवी लावलेली असता. ॲम्ब्युलन्स रेतीत घालू नका, रुतता. पेशंटाक खाटेवरून डांबरापर्यंत हाडा.

साउंडवाला
खाटेवर नेताना पण कुशीवरच. चार जण लागतात, पाचवा डोकं सांभाळायला.

कुर्ल्या_खाणारी
वहिनी, ते नाण्याने उघडणारं लॅच अलिबागला कुठे मिळेल? फोटो टाका ना.

नागावची वहिनी
टाकते, भाकऱ्या झाल्या की.