वय झाल्यावर आपल्या घरच्या मानसाईचं राजकारण अन् तब्येत: तुमचे अनुभव लिहा

आर्णीकर:
आज सकाळी बीएलओ मॅडम मतदार यादी घेऊन गावात फिरून राहिल्या होत्या, आमच्या दारात थांबून विचारलं पंच्याऐंशीच्या वरचं कोणी आहे का घरात, अन् मले एकदम बाबा आठवले. २०२४ च्या लोकसभेले आमच्या आर्णीचं मतदान चंद्रपूर मतदारसंघात १९ एप्रिलले होतं, बाबांचं मत त्याच्या आधीच घरी येऊन घेतलं होतं. १२-ड चा फॉर्म, म्हणजे घरून मत द्यायचा अर्ज, भरला होता आम्ही. कर्मचारी आले, सोबत पोलीस, व्हिडिओवाला, पुठ्ठ्याचा आडोसा. बाबा तेव्हा खाटेवरच असत, गुडघे अन् कंबर दोन्ही गेले होते. पण खाटेवर पडून मत देत नाही म्हणे. धोतर नेसवून घेतलं, टोपी घातली, खुर्चीत बसले, तेव्हा कुठं कागद हातात घेतला. पाकीट चिकटवताना हात थरथरत होता, त्या पोरानं मदत करू का म्हटलं तर म्हणे "थांब बापू, माह्यं मत हाय."

जवानीत बाबा जांबुवंतराव धोट्यांचे पक्के. १९७१ ले धोटे नागपुरातून खासदार झाले त्या वेळच्या सभा बाबा रंगवून सांगत, वेगळ्या विदर्भाच्या घोषणा देऊन घसा बसत असे त्याईचा. कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारलेच विकायचा, तेव्हा केंद्रावर बंडी लावून रात्र रात्र जागले, चुकारा (कापसाचा पैसा) उशिरा भेटला की सरकारले शिव्या. अन् शेवटी शेवटी कोणी उमेदवार दारात आला की एकच प्रश्न, आपल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर राहील का? बाकी काही विचारतच नव्हते. वेगळ्या विदर्भाचा विषय काढला तर म्हणत होईल तवा होईल, आधी रातच्याले सुई टोचनारा मानूस पायजे. त्याच पावसाळ्यात गेले.

मले वाटते हा प्रश्न सगळ्यात खरा राजकीय प्रश्न होता अन् आपण तो बुढ्या मानसाची कुरकुर समजून सोडून देतो. तुमच्या घरचं काय, लिहा.

देवळीची सून:
दादा वाचून डोळे भरले. आमच्या सासूबाईंचं श्रावणबाळ योजनेचं महिन्याचं १५०० येते, त्यातले अर्धे बीपी शुगरच्या गोळ्यात जातात, तिकडे सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवतो पण महिन्याच्या मधात गोळ्या संपल्या की इथूनच दुकानातून घ्याव्या लागतात. बँकेत अंगठाच उमटत नाही त्याईचा, जन्मभर कापूस वेचला, बोटाच्या रेघा राहिल्याच नाहीत. मशीन लाल दाखवते, मग हात धुवा, पुसा, पुन्हा लावा. मागच्या महिन्यात तिथंच बसून रडल्या. म्हणे मी जिती हावो हे ह्या डब्याले कसं सांगू. कुकर लावला आहे नंतर लिहिते

काटोलवाला:
बाबांना नमस्कार. धोतर नेसून मत देणारी पिढी होती ती.

जळगाव जामोद:
आमच्याकडं राजकारण म्हणजे पाणी. बाकी ठिकाणच्या लोकांना खरं वाटत नाही पण खारपाणपट्ट्यात राहून पाहा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यात हा पट्टा आहे, बोअर मारली तर खारं पाणी लागते, डाळ शिजत नाही नीट, आंघोळीनं केस राठ होतात, अन् आमच्या तालुक्यात अन् संग्रामपूरकडं किडनीचे पेशंट गावोगाव आहेत. माझे वडील त्यातले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी पाचला उठून गाडी करायची, चार तास मशीनवर, दुपारी घरी आले की दिवसभर निपचित. योजनेत फुकट होते ते, खोटं कशाला बोलू, पण गाडीचं भाडं अन् सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती कोण देते? वडील पहिले जातीच्या मानसाले मत देत, उघड सांगत, आपला मानूस म्हणून. आता वानच्या धरणाचं गोड पाणी ज्यानं गावापर्यंत आणलं त्याचंच नाव घेतात, तो कोण्या जातीचा पक्षाचा काही विचारत नाहीत. मी पाणी उशिरा आलं म्हणून चिडतो. ते म्हणतात तुह्या पोराईले तर भेटलं ना.

वणीची मायबाई:
@जळगाव जामोद भाऊ दुखणं असं की घरच्या सगळ्याईचंच आयुष्य त्याच्याभवती फिरते, काळजी घ्या. तुमचीबी घ्या, सोबत जाणाऱ्याची कोणीच विचारत नाही

मूलची आशा:
मी आशा म्हणून काम करते, चंद्रपूर जिल्हा, आमच्याकडंबी मतदान पहिल्या टप्प्यात १९ एप्रिलले होतं, ऊन असं की तोंडाले फडके बांधूनही चटका. केंद्रावर ओआरएस घेऊन बसली होती मी. आमच्या आयाबाया मतदान सोडत नाहीत पण तपासणी सोडतात, हे माझं रोजचं दुखणं आहे. तिशीच्या वरच्या सगळ्याईचा फॉर्म भरतो आम्ही, बीपी, शुगर, तोंडाचा, छातीचा, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळं विचारायचं असते. बाया सांगतात नाही काही नाही मले, अन् मागून सून हळूच सांगते रात्री पाच वेळा उठतात म्हणून. माणसं तर दारातच येत नाहीत, धानाचा रोवना चालू आहे म्हणतात, बांधीत जायचं आहे. खर्रा (तंबाखू-सुपारी) तोंडात धरून सांगतात की मले काही नाही! तोंड उघडा म्हटलं तर दोन बोटं आत जात नाहीत.

एक आजोबा आहेत गावात, निवडणूक आली की चौकात बसून सगळ्या जिल्ह्याचं गणित सांगतात, कुठला बूथ कुठं फिरणार तेही. त्याईले म्हटलं आजोबा तुमची साखर किती आहे माहीत आहे का? गप्प झाले. तीन महिन्याची सरासरी दाखवणारी तपासणी असते ती करून घेतली, खूप वाढलेली निघाली. पायाले जखम होती, चप्पल चावली म्हणून महिनाभर हळद लावत होते, बोटं काळी पडत चालली होती. पाय वाचला. आता तेच चौकात दुसऱ्याईले विचारतात साखर तपासली का. मी उमेदवाराईले एवढंच सांगते, आमचं मानधन वेळेवर द्या अन् शुगरच्या पट्ट्या संपू देऊ नका. पट्ट्याच नसल्या तर मशीन घेऊन काय करू

पुसदचा पोट्टा:
खर्रा बद्दल लिहिलं ते आमच्या काकांना दाखवतो ताई

दर्यापूर मास्तर (रिटायर):
वयाचा मुद्दा वेगळाच आहे. कोणत्या वयाचं कोण, हे कागद ठरवतो. माझी मावशी पोळ्याच्या करीच्या दिवशी जन्मली एवढंच सगळ्यांना माहीत, आधारवर १ जानेवारी लिहून मोकळे झाले, अन् वर्षही अंदाजे. गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीच आहे बघा. मावशी खरी सत्तरीच्या कधीच पुढे गेली पण कागदावर अडुसष्ट, म्हणून सत्तर वर्षांवरच्यांचं ते पाच लाखाचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेना. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पंच्याऐंशीनंतर घरी मतदान, पासष्टला श्रावणबाळ, सगळं त्या एका तारखेवर. मी शेवटी तहसीलमध्ये जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढली. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यू नोंदवून ठेवायचा, ती पुस्तकं रेकॉर्ड रूममध्ये असतात. मावशीचं नाव नाही लिहिलेलं, फक्त आजोबांचं नाव अन् "मुलगी" एवढंच. शाई फिकी, पान कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेलं. पण तारीख होती. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली म्हंजे मी इतल्या सालापासून हावो का! ज्यांचे कागद अडलेत त्यांनी हे करून बघा. विदर्भात बऱ्याच तालुक्यात मिळते नक्कल, अर्ज द्यावा लागतो, दोनचार चकरा होतात.

देवळीची सून:
आली परत. मास्तर काका हे माहीतच नव्हतं, आमच्या मामंजीचं करायचं आहे, अर्जात काय लिहायचं? जन्माचं साल पक्कं नसेल तर?

दर्यापूर मास्तर (रिटायर):
अंदाजे साल लिहा, मागचीपुढची दोनतीन वर्षं शोधायला सांगा. गावाचं जुनं नाव, वडिलांचं नाव, जात लिहा. रेकॉर्ड कीपरशी गोडीनं बोला, तो माणूस धूळ खात शोधतो बिचारा.

कारंजा:
लाडकी बहीण पासष्टला बंद होते. माझ्या आईची झाली. श्रावणबाळले अर्ज करा म्हणतात पण तिथं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत पायजे, आता सांगा दोन एकर कोरडवाहूवाल्याचा दाखला तरी एवढा कमी कोण देते, महिन्याचे अठराशेही होत नाहीत त्यात. चौसष्टव्या वर्षी बहीण अन् सहासष्टव्या वर्षी कोणीच नाही. मी कोण्या एका पक्षाले बोलून नाही राहिलो, सगळ्याईनंच हा आकडा तसाच ठेवला. मायले आता त्या पैशाची सवय झाली होती, स्वतःच्या हातानं नातीले बांगड्या घ्यायची. आता माह्याकडं मागायले तिले जड जाते अन् तिनं मागावं लागते याचं मले जड जाते.

वणीची मायबाई:
बरोबर बोलले. हातात पैसा असला की बुढीचा आवाज घरात ऐकू येते

उमरखेड:
आमचं वेगळंच. बाबा अन् मोठे काका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वेगवेगळ्या पॅनलले गेले तेव्हापासून बोलणं बंद, एका वाड्यात राहून, मधात भिंत घातली, विहीर एक होती तर पाणी भरायच्या वेळा वाटून घेतल्या. पोळ्याले बैल वेगळ्या रस्त्यानं न्यायचे, लग्नात पंगत वेगळी. आम्ही चुलतभाऊ शाळेत एका बाकावर अन् घरी अनोळखी. मग एक दिवस सकाळी बाबांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळे. आई भिंतीपलीकडं ओरडली. काकांनीच गाडी काढली, अंगावर बनियान अन् पायात चप्पल नाही तसेच. लकव्यात साडेचार तासाच्या आत पोचलं तर गुठळी विरघळायची सुई देता येते असं डॉक्टरनं सांगितलं, आम्ही वेळेत पोचलो. बाबा आता काठी घेऊन चालतात. भिंत अजून आहे, पण त्यात काकांनी दार पाडलं. निवडणूक आली की दोघं अजूनही वेगळ्याच पॅनलले मत देतात अन् संध्याकाळी ओसरीवर एकत्र चहा घेतात. वाचणाऱ्यांनी एवढं करा, तोंड वाकडं दिसलं की घरी मालिश करत बसू नका, झाडपाल्यावाल्याकडं नेऊ नका, सरळ मोठा दवाखाना. आमच्या गावात दोघं त्याच्यात गेले.

आर्णीकर:
उमरखेड भाऊ दार पाडलं हे वाचून लय बरं वाटलं. काकांना सांगा आमचा रामराम.

पुसदचा पोट्टा:
माझे आबा ८० चे आहेत, मोबाईलवर दिवसभर राजकारणाचे व्हिडिओ पाहतात अन् मग रात्री झोप नाही. मी म्हटलं आबा बंद करा तर म्हणाले मग करू काय, शेतात तुम्ही जाऊ देत नाही, पारावर बसणारे सगळे गेले. त्यावर मले बोलता आलं नाही. आता संध्याकाळी मी बसतो त्यांच्याजवळ, ते आणीबाणीतल्या गोष्टी सांगतात. व्हिडिओ आपोआप कमी झाले

मोताळा:
गुडघ्याचं कोणी लिहिलंच नाही. आई दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाते, काय करावं?

मूलची आशा:
रोज नका देऊ दादा, दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी खराब होते, म्हाताऱ्यात तर लवकर, बीपी असला तर आणखी. हाडाच्या डॉक्टरले दाखवा. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम शिकवतात तो रोज करायले लावा, उकिडवं बसणं टाळा, संडासात खुर्ची ठेवा. माझ्या आईले त्यानंच फरक पडला.

मोताळा:
संडासची खुर्ची कुठं भेटते?

जळगाव जामोद:
तालुक्याले मेडिकलवाल्याकडं सांगून ठेवा, आणून देतात. अन् मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या वरच्यांना ३००० रुपये एकदाच असतात अशा सामानासाठी, काठी, चष्मा, खुर्ची, कमरेचा पट्टा. समाजकल्याणमध्ये विचारा, चालू आहे का पाहून घ्या आधी.

कारंजा:
@आर्णीकर तो १२-ड फॉर्म कोण देते? आजी ८७ ची आहे, चालता येत नाही, मागच्या वेळी दोघांनी उचलून नेलं होतं केंद्रावर, तिले ते आवडलं नाही, म्हणे मले पोत्यावानी नेलं.

आर्णीकर:
बीएलओच घरी आणून देते भाऊ. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसात भरून द्यावा लागते, तेवढं ध्यानात ठेवा. पाच दिवस गेले की मग केंद्रावरच जावं लागते. यादीत आजीचं वय काय लागलं आहे ते आत्ताच पाहून घ्या, चुकलं असलं तर मास्तर आहेतच.

दर्यापूर मास्तर (रिटायर):
आहे आहे. कारंज्याहून तहसील जवळच, सोमवारी जा, मंगळवारी नको, आमच्या इकडं तरी बाजाराच्या दिवशी साहेब जागेवर सापडत नाही.