मदत हवी आहे: वादात हिटलर आला की काय बोलावं?
मंडळी, जरा सल्ला द्या. ऑनलाइन वाद कशावरूनही पेटो, थोड्या वेळात हिटलर हजर! परवा शुद्धलेखन सुधारणाऱ्या एकाला थेट 'गेस्टापो' (हिटलरचे गुप्त पोलीस) म्हटलं गेलं. एका वेलांटीपायी?

अमेरिकी वकील माइक गॉडविन यांचा १९९० चा नियम ठाऊक आहे: वाद लांबेल तशी नाझींशी तुलना होण्याची शक्यता वाढते. पण 'तुलना केलीस, म्हणजे हरलास' हे त्यात नाही, ते लोकांनी मागाहून चिकटवलं. म्हणून नुसतं 'गॉडविन!' म्हणून कुणाला गप्प करणं मला पटत नाही; कधी तुलना रास्तही असते (खुद्द गॉडविनही हे मानतात).

मग काय विचारावं, म्हणजे समोरचा न भडकता नेमकं साम्य सांगेल? कुणाला जमलंय का? की सरळ काढता पाय घ्यावा?