मदत हवी आहे: समुद्राजवळ स्पोर्ट्स कार पावसाळ्यात चालवावी की चार महिने बंद ठेवावी?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. दिवाळीनंतर पुण्याच्या एका गृहस्थांकडून २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड४ घेतली. दोन सीटची, छत दुमडून डिकीत जाणारी, मागच्या चाकांवर चालणारी. गाडी आजवर घाटावरच राहिलेली, त्यामुळे खालून पत्रा अगदी स्वच्छ आहे, सस्पेन्शनचे नटबोल्टसुद्धा गंजलेले नाहीत. थंडीत सकाळी सकाळी छत उघडून आरे-वारेच्या वळणांवरून गणपतीपुळ्याला जाण्यात जे सुख आहे ते शब्दांत सांगता येत नाही. ही गाडी मला पुढची पंधरा-वीस वर्षं सांभाळायची आहे. आता एप्रिल संपत आला आणि पावसाळ्यात तिचं काय करायचं ते ठरत नाही.

नेटवर या विषयावर जे सापडतं ते जवळजवळ सगळं थंडीच्या देशांतलं. तिथं स्पोर्ट्स कार हिवाळ्यात बंद ठेवतात याची कारणं पक्की आहेत: बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालच्या पत्र्याला खातं, आणि उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतं. जर्मनीत तर हंगामी नंबरप्लेट मिळते. कोणत्या महिन्यांत गाडी चालवायची ते प्लेटवरच छापलेलं असतं, आणि उरलेल्या महिन्यांचा कर आणि विमा वाचतो. आपल्याकडे रोड टॅक्स नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे गाडी बंद ठेवून तो काही वाचणार नाही. टायरचा मुद्दाही इथं लागू नाही, डिसेंबरच्या पहाटेही आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही.

राहिलं मीठ. ते आपल्याकडे रस्त्यावर नसलं तरी हवेत आहे, आणि बारा महिने आहे. माझी खरी अडचण इथेच आहे. मीठ कोरडं असेल तोवर फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून आपोआप ओलं होतं, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला जुलैत पाणी सुटतं तसं. रत्नागिरीत पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस याच्या वर असते. म्हणजे पावसाचा एक थेंबही न लागता, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यावरचा खारा थर चार महिने ओलाच राहणार. त्यामुळे "बंद ठेवली म्हणजे सुरक्षित" हे गृहीतक किनाऱ्यावर खरं वाटत नाही. उलट पावसाचं पाणी गोडं, ते निदान मीठ धुऊन तरी नेतं.

माझी शेड चिऱ्याची आहे, वर कौलं. चिरा पाणी धरून ठेवतो, जुलैत भिंतीला हात लावला तर ओल जाणवते. त्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात ठेवलेल्या जुन्या स्कूटरच्या सीटवर पांढरी बुरशी आली होती, आणि ते तर साधं रेक्झिन. झेड४ ची सीट चामड्याची आहे. भरीला उंदीर. वायरिंग कुरतडलं तर इथं जवळपास अधिकृत सर्व्हिस सेंटरही नाही.

चालवायची म्हटलं तर वेगळीच काळजी. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गाडी बुटकी, टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, कडक कडांचे) आणि कमी उंचीच्या कडेचे. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, एकदा जोरात आदळली की रिम वाकली किंवा टायरला फुगा आला. रस्त्यावर साचलेलं पाणी एअर इनटेकमधून इंजिनात गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या सर्वसमावेशक विम्यात ते सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं. (ते मी घेतलंय. किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं, गाडी कुठलीही असो.) शिवाय लाल चिखल चाकांच्या कमानीत जाऊन बसतो आणि आठवडाभर ओल धरून ठेवतो.

तिसरा मार्ग म्हणजे गाडी घाटावर नेऊन ठेवणं. मिरजेला मावसभावाचं घर आहे, बंद गॅरेज रिकामं आहे. तिकडे पाऊस आपल्या मानाने फारच कमी आणि खारा वारा नाही. सांगलीचे २०१९ आणि २०२१ चे पूर डोळ्यांसमोर आहेत, पण त्याचं घर उंचावर आहे, दोन्ही वेळा पाणी आलं नव्हतं. चिपळूणलाही एका मित्राने जागा देऊ केली होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यात तिथल्या गाड्यांचं काय झालं ते आठवून मी नको म्हटलं. मिरजेला न्यायची तर मेच्या अखेरीस, आंबा घाट कोरडा असतानाच न्यायला हवी.

तर जाणकारांना विचारायचं ते हे:

समुद्राजवळ राहून कोणी अशी गाडी पावसाळ्यातही चालवत आहे का, उघडीप बघून? दोन-तीन पावसाळ्यांनंतर खालची अवस्था कशी आहे?

खालून कसलं कोटिंग करावं? इथली काही वॉशिंग सेंटरं डिझेल किंवा जळकं ऑइल मारतात. त्याने रबरी बुश फुगतात म्हणून मला ते नको आहे. पोकळ भागांत आत फवारायचं मेण कोणी कोकणात किंवा कोल्हापुरात करून घेतलंय का?

आणि धुवायला पाणी कुठलं वापरता? आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे वर आणखी मीठ चढवणंच. सध्या नळाचं पाणी साठवून वापरतो.

नंतरची भर:

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवा असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. माझ्या समजुतीप्रमाणे त्याने नुकसानच होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले नाहीत तर ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं, आणि बॅटरीही तेवढ्या वेळात पुरती चार्ज होत नाही. सुरू करायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवायची, एसी लावून, म्हणजे आतली ओलही जाते. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून येणारा तांबूस थर दोन-चार ब्रेक मारले की जातो. गाडी महिनोन्‌महिने हललीच नाही तर मात्र पॅडखाली डिस्कला खड्डे पडतात.

ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचं कव्हर नको, हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी पूर्ण सहमत. ओल आतच कोंडते. हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर घेतो.

मिरजेचं जवळपास नक्की केलंय. निघण्यापूर्वी इंजिन ऑइल बदलणार, ब्रेक ऑइलला दोन वर्षं होत आली आहेत तेही बदलणार, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. तिथं पोचताना टाकी गळ्यापर्यंत भरणार. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, टाकीत हवा कमी तेवढं बरं. टायरमध्ये हवा थोडी जास्त, पार्किंग ब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे. विमा चालूच ठेवणार. मावसभाऊ पंधरवड्यातून एकदा कोरड्या दिवशी तासगावपर्यंत चक्कर मारून आणायला तयार आहे, फारच आनंदाने तयार आहे.

एकच प्रश्न उरला. बॅटरीला जोडून ठेवायचा स्मार्ट चार्जर घ्यायचाय. लाइट जाऊन परत आल्यावर काही चार्जर आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं, आणि पावसाळ्यात लाइट जाणं ठरलेलंच. एजीएम बॅटरीला (ॲसिड काचतंतूंच्या जाळीत धरलेली सीलबंद बॅटरी) चालणारा, लाइट आल्यावर स्वतःहून पूर्वीच्याच मोडवर सुरू होणारा चार्जर कोणी वापरला असेल तर मॉडेल कृपया कळवा. २० मेच्या आत मागवायचा आहे.